फॉलिक अ‍ॅसिडचा तोतया

"अहो, हे तर कॅन्सरचं औषध!" नळीतल्या गर्भासाठी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन लिहून दिलं, की कोणीतरी नातेवाईक मोबाइलवर नाव शोधतो आणि घरभर धसका पसरतो. कॅन्सरवर ते वापरतात हे खरंच. पण त्याचं खरं नातं गर्भवतीच्या रोजच्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीशी आहे.

शंभरातल्या एक-दोन गर्भधारणांत गर्भ गर्भाशयाबाहेर रुजतो, बहुतेक वेळा बीजनलिकेत. आधीच्या जंतुसंसर्गाने नळी खराब झालेली असेल तर धोका वाढतो; अनेकींमध्ये मात्र कारण सापडतच नाही. नळी गर्भाशयासारखी ताणत नाही, फाटते. पोटात रक्त साचतं. ते श्वासपटलाला लागलं की कळ खांद्यात येते, कारण दोन्हीकडच्या संवेदना मानेतल्या त्याच मज्जातंतूंच्या मुळांतून मेंदूकडे जातात. नळी फुटून बाई घेरी येऊन पडली, तर थेट ऑपरेशन.

तो गर्भ उचलून गर्भाशयात लावता येतो का? २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका विधेयकाने तशी शस्त्रक्रिया असल्याचं गृहीतच धरलं होतं. ती अस्तित्वातच नाही. ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, म्हणणाऱ्या आजीला हसताना त्या आमदारांनाही आठवावं.

नळी फुटलेली नसेल, गर्भाचे ठोके दिसत नसतील, रक्तातलं बीटा एचसीजी हे गर्भधारणेचं संप्रेरक फार चढलेलं नसेल आणि यकृत-मूत्रपिंड धड असतील, तर इंजेक्शनचा विचार होतो.

आता तोतयाकडे येऊ. पेशी दुभंगायची तर आधी डीएनएची नक्कल हवी. त्यासाठी लागणारं थायमिडिन बनवताना फोलेट, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचं शरीरातलं रूप, एक कार्बन देऊन टाकतं आणि स्वतः निकामी होतं. त्याला पुन्हा कामावर आणणारं एक विकर (एन्झाइम) असतं, डायहायड्रोफोलेट रिडक्टेज. मेथोट्रेक्सेटचा रेणू हुबेहूब फॉलिक अ‍ॅसिडसारखा. फरक काय तो एका अमिनो गटाचा आणि एका मिथाइल गटाचा. विकर फसतं, त्याला खरं समजून जवळ घेतं, आणि हा तोतया असा चिकटतो की सहजी सुटत नाही. भाऊसाहेबांच्या तोतयाने पुण्याचा कारभार इतका ठप्प केला नसेल! फोलेटचं चक्र थांबतं, थायमिडिन संपतं, आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशी आधी कोलमडतात. गर्भाची मुळं रोवणाऱ्या पेशी अशाच असतात. तोंड येतं किंवा पांढऱ्या पेशी घटतात, तेही याच कारणाने.

म्हणून पहिली सूचना असते: फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद. एरवी जी चुकवू नको म्हणून बजावतात, तीच इथे औषधाच्या आड येते.

या गोळीची कथा आपल्या मुंबईतून जाते. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर इथे आली आणि गिरणीतल्या गर्भवती कामगार बायकांच्या पंडुरोगाचा शोध घेऊ लागली. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे तिने दाखवलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळलं. फोलेटचे तोतये घडवणाऱ्या अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाची सूत्रं यल्लाप्रगडा सुब्बाराव या तेलुगू माणसाकडे होती.

इंजेक्शननंतर चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासतात. चौथ्या दिवशी बीटा एचसीजी पुष्कळदा वाढलेलं दिसतं आणि रडारड होते. हे संप्रेरक बनवतो तो वारेचा बाहेरचा थर, आणि त्याच्या पेशी दुभंगतच नाहीत. तोतया मारतो तो त्यांना भरती पुरवणाऱ्या आतल्या पेशींना. भरती थांबली तरी जुने शिपाई काही दिवस पहारा देतातच. चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत आकडा किमान १५ टक्के उतरला, तर औषध लागू पडलं असं धरतात. मग तो शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला तपासणी, आणि त्या काळात जोराची पोटदुखी किंवा चक्कर आली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं, कारण आकडा उतरत असतानाही नळी फुटू शकते. नव्या गर्भधारणेसाठी निदान तीन महिने थांबायला सांगतात.