बर्बेरा

बर्बेरा : एडनच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरील बंदर व शहर. ते सोमालीलँडमध्ये आहे. हा प्रदेश १९९१ पासून आपला कारभार आपणच पाहतो. सोमालिया मात्र त्याला आपलाच भाग मानतो. शेळ्या-मेंढ्या अरबस्तानात पाठवणारे हे जुने बंदर. ब्रिटिश अमलात १८९८ पर्यंत त्याचा कारभार एडनहून चाले आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होते. बर्बेराचे महत्त्व जागेमुळे : तांबड्या समुद्राचे तोंड येथून जवळ आहे. परदेशी लष्करी मदत कशी येते, कशी जाते आणि मागे काय ठेवते, हे या एका गावात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

१९६० साली स्वतंत्र झालेल्या सोमालियाला इथिओपियातील सोमाली वस्तीचा ओगादेन प्रदेश हवा होता. त्यासाठी मोठे सैन्य पाहिजे होते. इथिओपियाला शस्त्रे अमेरिका पुरवीत होती व बदल्यात अस्माराजवळचे कॅग्न्यू हे संदेशवहन केंद्र वापरत होती. पाश्चात्त्यांनी देऊ केलेली तुटपुंजी मदत नाकारून सोमालियाने १९६३ मध्ये सोव्हिएत संघाची सुमारे ३ कोटी डॉलरची मदत घेतली. १९६९ मध्ये लष्करी उठाव करून सत्तेवर आलेल्या सियाद बारे याने १९७४ मध्ये मॉस्कोशी मैत्री करार केला. बर्बेरात धक्का, क्षेपणास्त्रांची कोठारे आणि ४ किलोमीटरहून लांब धावपट्टी उभी राहिली.

मग पारडे फिरले. इथिओपियात सम्राट हैले सेलासी पदच्युत झाला, नव्या लष्करी राजवटीने १९७७ मध्ये अमेरिकेशी फारकत घेऊन मॉस्कोचा हात धरला. जुलैमध्ये बारेच्या फौजा ओगादेनमध्ये घुसल्या. सोव्हिएतांनी दोघांत इथिओपियाला पसंत केले. १३ नोव्हेंबरला बारेने त्यांच्या सल्लागारांना देशाबाहेर काढले. सोव्हिएत विमानांनी आणलेली शस्त्रे व हजारो क्यूबन सैनिक यांच्या बळावर इथिओपियाने मार्च १९७८ मध्ये ओगादेन परत मिळवले. एकाच कारखान्यातले रणगाडे दोन्ही बाजूंनी लढले होते.

बारेला केवळ प्याद्याच्या जागी बसवणे चूक ठरेल. आपल्या बंदराची किंमत त्याला नेमकी ठाऊक होती. ऑगस्ट १९८० मध्ये त्याने तेच बर्बेरा अमेरिकेला वापरायला दिले. पुढे नासाने ही धावपट्टी अंतराळयानाच्या आणीबाणीच्या अवतरणासाठी भाड्याने घेतली.

या देवघेवीचा भार प्रजेने वाहिला. १९८८ मध्ये उत्तरेत बंडखोरांनी हल्ला केल्यावर बारेच्या हवाई दलाने हर्गेसा हे आपल्याच देशातले शहर बॉम्बफेकीने उद्ध्वस्त केले. विमाने त्याच शहराच्या विमानतळावरून उडत होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेच्या १,२०० एम-१६ रायफली बर्बेराच्या धक्क्यावर उतरल्या. हर्गेसाच्या भर चौकात आज चौथऱ्यावर एक मिग-१७ हे सोव्हिएत बनावटीचे लढाऊ विमान उभे आहे. मारल्या गेलेल्या माणसांची चित्रे चौथऱ्यावर आहेत. मदत म्हणून आलेल्या वस्तूचे याहून खरे स्मारक प्रस्तुत लेखकाला माहीत नाही.

बारेची सत्ता जानेवारी १९९१ मध्ये कोसळली. बंदर चालवण्याचे काम २०१६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्ड कंपनीकडे गेले. पुढच्याच वर्षी सोमालीलँडच्या संसदेने संयुक्त अरब अमिरातीला लष्करी तळासाठी मंजुरी दिली. जागा ठरली ती सोव्हिएत धावपट्टीचीच.