श्रेयाची बेरीज शंभरावर का जाते?

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमध्ये ज्युदोच्या लढती संपल्या संपल्या खेळाडूंचे भराभर फोटो काढले जात होते. पदक गळ्यात पडतानाचे नव्हेत, तर निकाल लागल्यावरच्या पहिल्या काही क्षणांचे. जेसिका ट्रेसी आणि डेव्हिड मात्सुमोटो या मानसशास्त्रज्ञांनी त्या फोटोंमधली मान, हात, खांदे, छाती यांची बारकाईनं नोंद केली. खेळाडू तीसहून अधिक देशांचे होते. जिंकलेल्यांची मान ताठ, छाती पुढे, हात वर. पॅरालिंपिकमधले काही जण जन्मांध होते. जिंकलेला माणूस कसा उभा राहतो हे त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं, तरी त्यांचीही छाती तशीच फुगली होती.

म्हणजे यशानं ऊर भरून येणं हे बघून बघून उचललेलं वागणं नाही, ते बरंचसं उपजत असावं. आपल्याकडे मूल पहिलं आलं की पेढा हातात देतानाच ‘हवेत जाऊ नकोस’ असं बजावतात. हेतू चांगला असतो, पण मला वाटतं नेम चुकतो. त्या आनंदाला दाबायचं काही कारण नाही. बघायचं ते हे, की आनंद नेमका कशाचा होतोय.

याच ट्रेसी यांनी रिचर्ड रॉबिन्स यांच्याबरोबर २००७ मध्ये एक मांडणी केली. अभिमान वाटला की लोक त्याचं वर्णन कोणत्या शब्दांत करतात, हे तपासताना त्यांना दोन वेगळे गठ्ठे दिसले. एकात ‘काहीतरी साध्य केलं’, ‘आत्मविश्वास वाटतो’ अशी भाषा, तर दुसऱ्यात घमेंड, तोरा, शिष्टपणा. पहिल्या प्रकारचा अभिमान असलेल्यांचा स्वतःवरचा विश्वास पक्का आणि इतरांशी जमवून घेण्याचा स्वभाव आढळला. दुसरा प्रकार आत्मप्रौढीबरोबर जातो, आणि गंमत म्हणजे चटकन लाज वाटण्याबरोबरही! वरून तोरा, आतून धाकधूक. फरक कुठे पडतो, तर यशाचं कारण आपण काय मानतो तिथे. ‘मी हे केलं’ म्हटलं की पहिला प्रकार, ‘मी आहेच असा’ म्हटलं की दुसरा. ही विभागणी इतकी स्वच्छ नाही, असा आक्षेप काही संशोधकांनी नंतर घेतला आहे आणि तो वाद मिटलेला नाही. पण प्रश्न विचारण्याची दिशा त्यातून मिळाली, हे नक्की.

ही दोन वाक्यं मुलांच्या कानावर घातली तर काय होतं, हे क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाहिलं. पाचवीतल्या मुलांना आकृत्यांची कोडी दिली. पहिला संच सगळ्यांना बऱ्यापैकी सुटला. मग काहींना सांगितलं, ‘तू हुशार दिसतोस’. काहींना, ‘तू चांगली मेहनत घेतलेली दिसतेस’. फरक एवढ्या एका वाक्याचाच. दुसरा संच मुद्दाम अवघड दिला, त्यात सगळेच आपटले. तिसरा पुन्हा पहिल्याइतका सोपा. मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांनी तो पहिल्यापेक्षा चांगला सोडवला, हुशारीची मिळालेल्यांची कामगिरी मात्र घसरली.

खरी गोम पुढे आहे. मुलांना सांगितलं, दुसऱ्या शाळेतल्या एका मुलासाठी या कोड्यांबद्दल चार ओळी लिहा आणि आपले गुणही लिहा. वाचणारा अनोळखी, भेट होण्याचा संभव नाही. तरी हुशार म्हणवलेल्यांपैकी ३८ टक्के मुलांनी गुण वाढवून लिहिले. मेहनतीच्या गटात हे प्रमाण १३ टक्के होतं. कौतुकाच्या या परिणामाबद्दल नंतरच्या सगळ्याच अभ्यासांचं एकमत नाही, त्यामुळे ‘हुशार’ हा शब्द घरातून हद्दपार करायची गरज नाही. पण दहावीच्या निकालानंतर चौकाचौकांत लागणारे फ्लेक्स पाहिले की मला ती वाढवून लिहिलेली मार्कं आठवतात. फ्लेक्सवर चढलेल्या पोराला पुढच्या वर्षी नापास व्हायची सोयच उरत नाही.

बरं, मेहनतीचा अभिमान बाळगला की झालं का? नाही, कारण मेहनत मोजणारा माणूसही आपणच असतो. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७ जोडप्यांना वीस बाबींची यादी दिली : नाश्ता करणं, भांडी घासणं, घर आवरणं वगैरे. प्रत्येकात आपला वाटा किती, हे नवरा-बायकोनं वेगवेगळं सांगायचं. दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्के यायला हवी. वीसपैकी सोळा बाबींत ती शंभरावर गेली.

‘नवऱ्यांनी फेकलं असणार’ असं म्हणून वाचकांपैकी निम्मे मोकळे होतील. पण यादीत भांडण उकरून काढण्यासारख्या गोष्टीही होत्या, आणि असल्या बाबतीतही लोक स्वतःचा वाटा जास्तच धरतात, फक्त जरा कमी प्रमाणात. नुसती बढाई असती तर भांडणाचं खापर कुणी आपणहून डोक्यावर घेतलं नसतं. कारण साधं आहे. आपण घासलेलं प्रत्येक भांडं आपल्याला आठवतं, कारण आपण तिथे होतो. दुसऱ्यानं घासलेलं भांडं आपल्याला फक्त रॅकवर दिसतं. आठवणीत जे सहज सापडतं, तेच मन जास्त धरतं.

या हिशेबातून नशीब तर पार निसटतं. शाई डेव्हिडाई आणि थॉमस गिलोविच यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की वाटेत आडवं आलेलं माणसाला पक्कं आठवतं, पाठीवर घेतलेला वारा मात्र जाणवत नाही. कॅनडातल्या आइस हॉकीचंच बघा. तिथे मुलांचे वयोगट १ जानेवारीच्या हिशेबानं पडत. १९८० च्या दशकातल्या अभ्यासांत वरच्या संघांमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा निघाला, शेवटच्या तीन महिन्यांतले मोजके. आठ-नऊ वर्षांच्या वयात दहा-अकरा महिन्यांचं अंतर म्हणजे चांगलंच थोराड अंग. तो मुलगा निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सराव मिळतो, आणि मोठेपणी तो खरोखरच सरस खेळतो. त्याचा घामही खरा असतो. पण फायनल जिंकल्यावर जन्मतारखेचे आभार कोण मानतो?

रॉस आणि सिकोली यांनी आणखी एक गंमत करून पाहिली होती. प्रबंध लिहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना विचारलं, ‘यात तुमचा वाटा किती?’ आणि काहींना, ‘यात गाइडचा वाटा किती?’ काम एकाच प्रकारचं, प्रश्नाचं फक्त टोक बदललेलं. तेवढ्यानं गाइडच्या पारड्यात बरीच भर पडली. गाइडचं नाव घेताच त्यांनी सुचवलेला संदर्भ, खोडलेला परिच्छेद, झापलेली दुपार असं सगळं वर येत असणार. गाइड मंडळींना हाच प्रश्न विचारला तर बेरीज कुठवर जाईल, हे पीएचडी करणाऱ्या कुणालाही विचारा. फक्त सरांसमोर नको.