उन्हात काळा होणारा चष्मा आणि नकली औषधाचा खोका

चार वर्षांपूर्वी बाबांनी तो उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा घेतला आणि आठवड्याभरात दुकानात परत गेले, म्हणाले अहो हा बिघडलेला आहे, रस्त्यावर होतो काळा पण गाडी चालवताना ऊन थेट डोळ्यांवर येतंय तरी काचा पांढऱ्याच. चष्मा अगदी ठणठणीत होता. गाडीची पुढची काच उजेड आत सोडते पण उन्हातला यूव्ही म्हणजे अतिनील भाग बराचसा अडवते, आणि चष्म्यातल्या रेणूंना नेमका तोच लागतो. मला तेव्हापासून या विषयाचा नादच लागला, कारण हेच गुण असलेली शाई नकली माल पकडायला वापरण्यावर आज जगभर काम चाललंय.

या प्रकाराला फोटोक्रोमिझम म्हणतात. हे नाव 1950 मध्ये येहुदा हिर्शबर्ग या इस्रायली शास्त्रज्ञाने दिलं. त्याने ज्यावर काम केलं तो स्पायरोपायरान नावाचा रेणू बघा. त्याचे दोन भाग एकमेकांना साधारण काटकोनात जोडलेले असतात, मधे एकच कार्बन सामाईक, त्यामुळे या भागातले इलेक्ट्रॉन त्या भागात जाऊ शकत नाहीत आणि रेणू बिनरंगी राहतो. यूव्ही पडला की कार्बन आणि ऑक्सिजनमधला एक बंध तुटतो, अणूंची कडी उघडते, अख्खा रेणू सपाट होतो, आता इलेक्ट्रॉनला या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं रान, मग तो दिसणारा प्रकाश शोषायला लागतो आणि आपल्याला जांभळा-निळा रंग दिसतो. यूव्ही काढला की नुसत्या उष्णतेने किंवा साध्या उजेडाने कडी परत मिटते आणि रंग जातो. बाबांच्या चष्म्यातले रेणू याचेच चुलतभाऊ. उष्णतेने रंग जातो म्हणूनच असा चष्मा नागपूरच्या मे महिन्यात कमी काळा होतो आणि महाबळेश्वरच्या थंडीत जास्त.

प्रकाशाने रंग बदलून फसवाफसवी रोखायची हे आपल्याला अजिबात नवीन नाही बरं का. मतदान केल्यावर बोटाला लावतात ती शाई आठवा. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, कातडीवरच्या मिठाशी मिळून त्याचं सिल्व्हर क्लोराइड होतं आणि उजेड लागला की त्यातून बारीक चांदी सुटते, ती काळी दिसते. म्हैसूरच्या कारखान्यात बनणारी ही शाई 1962 च्या निवडणुकीपासून चालू आहे. गंमत म्हणजे 1960 च्या दशकात आलेल्या काळ्या होणाऱ्या काचेच्या चष्म्यातही हीच चांदीची केमिस्ट्री होती, फरक एवढाच की तिथे चांदीचे क्षार काचेत कोंडलेले, कोणी कुठे पळू शकत नाही, म्हणून सावलीत गेलं की सुटलेली चांदी आणि क्लोरीन परत एकत्र येतात. बोटावर मात्र परतीचा रस्ता नाही, आणि तेच तर हवं असतं.

आता नोटेकडे या. 500 च्या नोटेतला धागा तिरका केला की हिरव्याचा निळा होतो, त्याला बरेच जण फोटोक्रोमिक समजतात, पण ते तसं नाही. तिथे कोन बदलल्यावर प्रकाशाच्या लहरींचा मेळ बदलतो, रेणूत काहीच घडत नाही. यूव्ही टॉर्चखाली चमकणारे नंबर आणि बारीक तंतू हे तिसरंच प्रकरण, फ्लुरोसन्स, म्हणजे यूव्ही शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकणं. आमच्या वाण्याकडे छोटा टॉर्च आहे, त्याने एकदा साध्या कागदावर आणि नोटेवर मारून दाखवला, कागद निळसर पांढरा झगझगला आणि नोट शांत, फक्त नंबर आणि तंतू पेटल्यासारखे दिसले. साध्या कागदात पांढरेपणासाठी ब्राइटनर घालतात, तसेच जे कपड्याच्या पावडरीत असतात, नोटेच्या कागदात ते नसतात. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेल्या नोटेचा अर्धा बंदोबस्त असा नुसत्या डोळ्यांना न दिसणारा असतो.

पण चमकणारी शाई आता बाजारात मिळते, आणि औषधांचं तर त्याहून कठीण. ऑगस्ट 2023 पासून भारतात 300 मोठ्या औषध ब्रँडना पॅकवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, पाऊल चांगलंच आहे, पण कोड म्हणजे शेवटी चित्र, फोटो काढून हजार खोक्यांवर छापता येतं. झेरॉक्स मशीन रंग उचलतं, रंगाचं वागणं उचलू शकत नाही, आणि मला या सगळ्यात हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

समजा कॅल्क्युलेटरवर दिसतो तसा सात काड्यांचा 8 छापलाय. डावीकडच्या दोन उभ्या काड्या स्पायरोपायरानच्या शाईत, बाकी पाच डायअरिलइथीन नावाच्या दुसऱ्या फोटोक्रोमिक रेणूच्या, रंग जुळवून घेतलेला. आधी खोक्यावर काहीच दिसत नाही. यूव्ही मारला की 8 उमटतो. मग कमी उजेडात थोडा वेळ थांबायचं, स्पायरोपायरान आपोआप फिका पडतो, दुसरा अंधारात तसाच टिकतो, आणि समोर राहतो 3. खरा आकडा 3 होता. नकली करणाऱ्याने 8 चा फोटो काढला तरी काय उपयोग, त्याला थांबायचं हेच माहीत नाही.

मग हे अजून सगळीकडे का नाही? एक तर स्पायरोपायरानच्या रेणूला उलगडायला जागा लागते, घट्ट भरलेल्या घन पदार्थात तो अडकतो, म्हणून त्याला प्लास्टिकमध्ये विरळ मिसळावं लागतं किंवा बारीक छिद्रांच्या पदार्थात बसवावं लागतं. दुसरं, तो थकतो. प्रत्येक उघडझापीत थोडे रेणू ऑक्सिजनशी भलतीच रिॲक्शन करून कायमचे बाद होतात, आणि मेडिकलच्या दर्शनी काचेत उन्हात पडलेल्या खोक्यावर तर हे दिवसभर चालणार. बाबांचा तोच चष्मा आता पहिल्यासारखा काळा होत नाही, या वेळी त्यांची तक्रार खरी आहे. डायअरिलइथीन याबाबतीत फार चिवट, जपानच्या मासाहिरो इरिए यांनी 1980 च्या दशकात हे रेणू पुढे आणले आणि त्यातले काही 10,000 पेक्षा जास्त वेळा रंग बदलूनही टिकतात.