श्रीलंकेला माल पाठवताय? शुल्क सवलतीचा दाखला असा काढा

श्रीलंकेशी आपला मुक्त व्यापार करार 28 डिसेंबर 1998 रोजी झाला आणि मार्च 2000 पासून तो लागू आहे. पण बिल भारतातलं आहे म्हणून कोलंबोत आयात शुल्क आपोआप कमी होत नाही. सवलत भारतात तयार झालेल्या मालाला आहे, आणि ते सिद्ध करतं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला. शुल्क वाचतं तिथल्या खरेदीदाराचं, दाखला मात्र आपण काढायचा. म्हणून भाव ठरवतानाच हा विषय बोलून घ्या.

आधी मालाचा एचएस कोड (सीमाशुल्कासाठी मालाचं वर्गीकरण करणारा क्रमांक) पक्का करा आणि श्रीलंकेची नकारात्मक यादी तपासा. माल त्या यादीत असेल तर सवलत नाही, पुढची धावपळ फुकट.

आपल्या शेतात पिकलेला कांदा पूर्णपणे इथलाच, तिथे प्रश्न येत नाही. खरी कसोटी कारखान्यातल्या मालाची. समजा, परदेशातून स्टेनलेस स्टीलचा पत्रा आणला, कोड 7219. त्याची भांडी केली, कोड 7323. पहिले चार आकडे बदलले, एक अट पूर्ण झाली. दुसरी अट किमान 35 टक्के मूल्यवर्धनाची. भांड्यांची एफओबी किंमत (जहाजावर माल चढवेपर्यंतची किंमत) 1000 रुपये असेल, तर बाहेरचा कच्चा माल 650 रुपयांच्या वर जाता कामा नये. पत्रा 600 चा असेल तर बसतं, 700 चा असेल तर नाही. ज्या मालाचा मूळ देश सांगता येत नाही, तोही बाहेरचाच धरतात, म्हणून कच्च्या मालाची खरेदी बिलं जपा. नुसतं पॅकिंग बदलून किंवा लेबल लावून माल भारतीय होत नाही.

अर्ज डीजीएफटीच्या (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) ई-सीओओ पोर्टलवर, म्हणजे याच दाखल्याच्या पोर्टलवर, ऑनलाइन करायचा. त्यासाठी चालू स्थितीतला आयईसी (आयात-निर्यात कोड) आणि डिजिटल सही किंवा आधारवर आधारित ई-सही लागते. सोबत इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा कागद) आणि खर्चाचा तपशील तयार ठेवा. मालाचं वर्णन, वजन, नग, एचएस कोड सगळीकडे अक्षरशः सारखं हवं. इन्व्हॉइसवर ‘किचनवेअर’ आणि अर्जात ‘स्टील भांडी’ असं झालं की शंका निघते, आणि कंटेनर बंदरावर अडकला तर भाडं रोज चढत राहतं.

माल थेट श्रीलंकेला गेला पाहिजे. आणि खरेदीदाराला आधीच सांगा: करारातली सवलत सीमाशुल्कावर आहे, तिथले इतर कर त्याला वेगळे भरावे लागू शकतात.