शब्दाचे कूळ आणि मराठीतले ऱ्हस्व-दीर्घ

'वकिलाला' लिहिताना 'कि' ऱ्हस्व आणि 'शरीराला' लिहिताना 'री' दीर्घ का, याचे उत्तर उच्चारात शोधून सापडत नाही. बोलताना दोन्ही इकार जवळजवळ सारखेच उमटतात आणि 'वकील', 'शरीर' या मूळ रूपांत तर तो दोन्हीकडे दीर्घच लिहिला जातो. फरक पडतो तो कुळामुळे. 'वकील' हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन इथलाच झाला, तर 'शरीर' संस्कृतातून जसाच्या तसा घेतला गेला आणि तसाच जपला गेला. मराठी लेखनात जे शब्द अवघड म्हणून ओळखले जातात, त्यांतल्या बहुतेकांची अडचण हीच आहे, की ते बिनचूक लिहायचे तर लिहिणाऱ्याला त्यांची वंशावळ ठाऊक असावी लागते. ही अपेक्षा मराठीइतकी जुनी मात्र नाही.

छपाई येण्यापूर्वी मराठी दोन लिप्यांत लिहिली जात होती. पोथ्या आणि काव्ये बालबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, उतरवली जात, आणि दप्तरातला, जमाखर्चाचा, पत्रव्यवहाराचा सारा मजकूर मोडीत चाले. मोडी हात न उचलता भराभर लिहिण्यासाठी घडलेली असल्याने तिच्यात ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा पाळला जात नसे. कारकुनाला 'वकिल' की 'वकील' असा प्रश्नच पडत नव्हता. पोथ्यांचे लेखनही एकसारखे नव्हते, कारण एकच शब्द नकलाकारागणिक वेगळा दिसे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

एकोणिसाव्या शतकात कोश, व्याकरणे आणि शालेय पुस्तके छापली जाऊ लागली, तेव्हा हे चित्र पालटले. कोशात शब्द वर्णक्रमाने लावायचे तर प्रत्येकाचे एकच रूप ठरवावे लागते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये आली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे शालेय पुस्तकांच्या भाषेवर मेजर कँडी या ब्रिटिश अधिकाऱ्याची करडी नजर राहिली आणि त्यांनी रूढ केलेली वळणे पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती बसली. या सर्व कामात संस्कृत शिकलेल्या शास्त्र्यांचा मोठा वाटा होता. मराठी शब्दांकडे ते संस्कृताच्या चष्म्यातून पाहत, आणि कोणत्या रूपाला प्रमाण मानायचे हे ठरताना या दृष्टीचा प्रभाव पडणे अटळ होते.

त्या काळचे छापील मराठी आज वाचताना डोळ्यांत भरतात ते अनुस्वार. 'नांव', 'पांच', 'दांत', 'कांटा', 'कांहीं', 'घरीं' असे शब्द पानोपानी आढळतात. त्यांतले काही टिंब म्हणजे शब्दाच्या पूर्वजाची सावली होती. 'पांच'वरचा अनुस्वार 'पञ्च'मधल्या ञकाराची आठवण ठेवत होता, 'दांत'वरचा 'दन्त'मधल्या नकाराची आणि 'नांव'वरचा 'नाम'मधल्या मकाराची. प्रमाण उच्चारात मात्र हे अनुनासिक उरलेले नव्हते, त्यामुळे ते कुठे द्यायचे हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यांच्या बाजूने आणि विरोधात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बरेच वाद झडले.

त्या वादांचा निकाल मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या नियमांनी लावला. शासनाने १९६२ मध्ये त्यांतले १४ नियम मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली आणि आजही शाळा, सरकारी कामकाज व प्रकाशनव्यवसाय याच १८ नियमांना धरून चालतात. लोक त्यांना सर्रास 'शुद्धलेखनाचे नियम' म्हणत असले, तरी 'लेखनविषयक नियम' हे त्यांचे नाव अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यांत शुद्ध-अशुद्धाचा प्रश्न नसून संकेत ठरवण्याचा आहे. या नियमांनी केवळ व्युत्पत्तीपोटी दिले जाणारे, न उच्चारले जाणारे अनुस्वार एका फटक्यात काढून टाकले. 'पांच'चे 'पाच' झाले. इकार-उकारांच्या बाबतीत मात्र व्युत्पत्तीला गादीवरून उतरवले गेले नाही. एका दारातून घालवलेला पूर्वज दुसऱ्या दाराने आत घेतला गेला, आणि माझ्या मते आजचा सगळा घोळ या अर्धवट तडजोडीतून आला आहे.

नियम असा आहे की, मराठी शब्द अकारान्त असेल तर त्याचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, इकार किंवा उकार दीर्घ लिहावा, जसे 'वीट', 'फूल', 'गूळ', आणि प्रत्यय लागून सामान्यरूप झाले की तो ऱ्हस्व करावा, जसे 'विटेला', 'फुलाला', 'गुळाचा'. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशाच्या तशा घेतलेल्या, शब्दाला हे काहीच लागू होत नाही. 'विष', 'गुण', 'मधुर', 'मंदिर' हे अकारान्त असूनही संस्कृतातल्यासारखेच ऱ्हस्व राहतात आणि 'शरीर' प्रत्यय लागल्यावरही दीर्घच राहतो. 'कुल' आणि 'कूळ' हे एकाच घरातले दोन शब्द, पण पहिला तत्सम म्हणून ऱ्हस्व आणि दुसरा मराठी म्हणून दीर्घ. 'सूत' या शब्दात तर ही गंमत अगदी जवळून दिसते. सूत्रापासून आलेले, कातायचे 'सूत' मराठी आहे, म्हणून 'सुताला'. सारथी या अर्थाचा 'सूत' तत्सम आहे, म्हणून कर्ण 'सूतपुत्र'. आणि मुलगा या अर्थाचा 'सुत' पहिल्यापासूनच ऱ्हस्व. कानाला तिन्ही एकच.

शब्दाच्या शेवटी मात्र मराठीने संस्कृताला वाकवले आहे. 'कवि', 'बुद्धि', 'गति' हे संस्कृतात ऱ्हस्व असले तरी आपण 'कवी', 'बुद्धी', 'गती' लिहितो. समासात शिरताच त्यांना जुने रूप परत मिळते, म्हणून 'कविराज' आणि 'बुद्धिवैभव'. 'विद्यार्थी' दीर्घ पण 'विद्यार्थिमंडळ' ऱ्हस्व, हे त्याच न्यायाने. 'परंतु', 'तथापि', 'यथामति' ही अव्यये यातून सुटली, आणि अस्सल मराठी 'आणि'ही. 'पुर' हा संस्कृत शब्द गावाच्या नावाच्या शेवटी आला की दीर्घ होतो, म्हणून 'नागपूर'. पण 'नागपुरात' म्हणताना तो मराठी शब्दासारखाच ऱ्हस्व होतो.

नेहमी चुकणाऱ्या तत्सम शब्दांत आणखी एक गट जोडाक्षरांचा आहे, आणि तिथे शब्द फोडून पाहिला की कोडे सुटते. 'महत्' आणि 'त्व' मिळून 'महत्त्व', म्हणून त्यात दोन तकार. 'तत्' म्हणजे 'ते', आणि 'ते असणे' म्हणजे 'तत्त्व'. 'नेतृत्व' आणि 'सदस्यत्व' यांत मूळ शब्दाच्या शेवटी तकार नाही, म्हणून तिथे एकच पुरतो. 'उद्' आणि 'ज्वल' यांचे 'उज्ज्वल', 'उद्' आणि 'ध्वस्त' यांचे 'उद्ध्वस्त'. 'परंपरा'ला 'इक' लागल्यावर फक्त पहिल्या अक्षराला वृद्धी होते, म्हणून 'पारंपरिक'. 'पारंपारिक' लिहिणारे मधल्या 'प'लाही नाहक काना देतात. 'परिचय' ऱ्हस्व आणि 'परीक्षा' दीर्घ, कारण 'परीक्षा' हा 'परि' आणि 'ईक्षा' यांचा संधी आहे.

पण या गटातला खरा राजा 'शुश्रूषा'. हा शब्द 'सुश्रुषा', 'शुश्रुषा', 'सुश्रूषा' अशा नाना वेषांत भेटतो. त्याच्या मुळाशी 'श्रु', म्हणजे ऐकणे, हा धातू आहे. संस्कृतात इच्छा दाखवण्यासाठी धातूच्या आरंभीच्या वर्णाची द्विरुक्ती होते, त्यामुळे पुढे एक ऱ्हस्व 'शु' आला, धातूचा उकार दीर्घ झाला आणि शेवटी 'षा' लागला. मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवा करतो, म्हणून अर्थ सेवेकडे सरकला आणि तिथून रुग्णाच्या देखभालीपर्यंत पोहोचला. जाणण्याची इच्छा ती 'जिज्ञासा' आणि जगण्याची इच्छा ती 'जिजीविषा', हेही याच साच्यातले शब्द आहेत.

परक्या भाषांतून आलेल्या शब्दांनी लेखकाला एवढा त्रास दिलेला नाही. 'जमीन', 'तारीख', 'वसूल', 'कबूल' हे अरबी-फारसी शब्द मराठीच्या नियमात निमूट बसले, म्हणून 'जमिनीला'. 'तारखेला' म्हणताना तर इकार पुरताच गळतो. पोर्तुगीजांकडून आलेल्या 'फीत'चे आपण 'फितीला' करतो. खोड किंवा गुन्हेगाराचे पाय अडकवण्याचा खोडा या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून झालेला 'तुरुंग' मराठी 'उंट'सारखाच अनुस्वारापूर्वी ऱ्हस्व उकार घेतो. तुर्की 'तोफ' आणि कानडी 'तूप' यांचे मूळ आज कोणाला जाणवतही नाही.

इंग्रजी शब्दांचे हे स्थिरावणे अजून चालू आहे. 'पोलीस' आणि 'पोलिसांनी' यांत तो शब्द पुरता मराठी झालेला दिसतो, 'स्टूल'चेही 'स्टुलावर' होते. 'टीम'चे मात्र 'टीमने'च राहते. आणि नियमाने ज्याचे 'ऑफीस' व्हायला हवे, ते 'ऑफिस' ज्यांना 'पोलीस' लिहिताना कधी शंका येत नाही, अशांच्याही लेखणीतून बिनदिक्कत उतरते.