फ्लाइट जॅकेट वाढत्या अंगाचं घेऊ नका
(जॅकेटच्या मापाविषयी, आमच्या ग्राहकांसाठी)

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या छोट्या कारखान्यात जुन्या वैमानिकी जॅकेटांच्या हुबेहूब प्रतिकृती शिवल्या जातात. दिवाळी आटोपली की विचारणा सुरू होते. पौषातलं धुकं उतरलं आणि सकाळचा पारा पाच-सहा अंशांवर आला की दुकानात उभं राहायला जागा नसते. बहुतेकांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा, "मला चाळीस नंबर येईल ना?" काउंटरवर घाईगर्दीत या प्रश्नाचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक काढलं आहे. ऑर्डर देण्यापूर्वी घरी निवांत वाचावं.

आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात. शाळेची पँट दोन बोटं दुमडून शिवायची, पुढच्या वर्षी उसवून खाली सोडायची. वाढत्या मुलासाठी ते शहाणपणाचंच आहे. पण तीच सवय मोठेपणी जॅकेट घेतानाही सुटत नाही. "एक नंबर मोठंच द्या, आत स्वेटर मावला पाहिजे," असं दहातले सात जण तरी म्हणतात. आम्हीही सुरुवातीची दोन वर्षं ग्राहकाच्या मनासारखं देत होतो. त्यातली बरीच जॅकेटं पुढच्या हिवाळ्यात दुरुस्तीला परत आली: खांदा उतरतो, पुढून फुगतं, हात वर केला की सगळं जॅकेट गळ्याशी येतं. तेव्हापासून आम्ही आधी बोलतो आणि मगच शिवतो.

लेबलवरचा आकडा कोणाचा?

अमेरिकी पद्धतीत ३६, ३८, ४०, ४२ असे सम आकडे चालतात. हा आकडा माणसाच्या छातीचा आहे, जॅकेटच्या छातीचा नाही. ४० नंबरचं जॅकेट म्हणजे ज्याची छाती शर्टाच्या आतून ४० इंच भरते त्याचं जॅकेट. प्रत्यक्ष जॅकेट टेबलावर पसरून मोजलं तर ते ४३-४४ इंच भरेल. हे वरचे तीन-चार इंच म्हणजे श्वासाची आणि शर्टाची जागा, आणि ती कटिंगमध्ये आधीच धरलेली असते. आपण "स्वेटरसाठी" म्हणून आणखी एक नंबर वाढवतो तेव्हा तीच जागा दुसऱ्यांदा मागत असतो.

हे दोन इंच-चार इंचांचं गणित प्रत्येक कंपनी वेगळं धरते. इंग्लंडमधली ईस्टमन, स्कॉटलंडमधली एरो, जपानमधल्या रिअल मॅकॉयज आणि बझ रिक्सन्स ही नावं हौशी मंडळींना ठाऊक असतात. हे लोक युद्धकाळातली एखादी विशिष्ट ऑर्डर समोर ठेवून पॅटर्न कापतात. अमेरिकेतल्या मॉलमधून मुलाने किंवा भाच्याने पाठवलेलं "ए-२" (अमेरिकी वैमानिकांचं जुनं चामडी जॅकेट) मात्र बहुधा आजच्या सवयीने कापलेलं असतं, ऐसपैस आणि लांब. दोन्हींवर ४० लिहिलेलं असतं, आणि दोन्ही एकाच माणसाला सारखी बसत नाहीत. म्हणून "मला अमुक कंपनीचं ४० बसतं" एवढ्यावर आम्ही कात्री चालवत नाही. ते जॅकेट घेऊन या, आम्ही ते मोजू.

ए-२ आखूडच असतं

आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी ए-२ ला आहे, आणि तक्रारीही त्याच्याच. अमेरिकेच्या आर्मी एअर कोअरने ते १९३१ मध्ये स्वीकारलं. त्याआधीचं ए-१ १९२७ चं, पुढे बटणं आणि विणलेली कॉलर असलेलं. ए-२ ला चेन आली, तिच्यामागे वारा अडवणारी पट्टी आली, टिचबटणांनी खाली बसणारी चामड्याची कॉलर आली, खांद्यावर पट्ट्या आल्या. १९४३ मध्ये त्याच्या जागी कापडाचं बी-१० आणायचं ठरलं आणि ए-२ च्या नव्या ऑर्डरी थांबल्या. त्या बारा वर्षांत अनेक कंत्राटदारांनी ते शिवलं. सरकारी तपशील एकच होता, पण प्रत्येकाचा पॅटर्न आपापला. कोणाची कॉलर टोकदार, कोणाची गोलसर, कोणाचा खिसा बसका, कोणाचा खांदा रुंद. प्रतिकृतींच्या मापात आज जो गोंधळ दिसतो त्याचं मूळ इथे आहे. कंत्राट बदललं की ४० नंबरचा खांदा अर्धा-पाऊण इंच सहज हलतो.

हे जॅकेट बसलेल्या माणसासाठी आहे. वैमानिक अरुंद कॉकपिटमध्ये बसणार, वरून पॅराशूटचे पट्टे आवळणार. खाली लोंबणारं चामडं मांडीवर गोळा झालं असतं. म्हणून ते कमरेशी संपतं आणि विणीच्या पट्टीने तिथे धरून ठेवलं जातं.

पण त्या काळची पँट बेंबीपर्यंत यायची, हे आपण विसरतो. जॅकेटची पट्टी आणि पँटचा पट्टा एकमेकांना भिडत होते. आजची जीन्स त्याच्या दोन-तीन इंच खाली थांबते, मग मधे शर्ट दिसतो आणि ग्राहक म्हणतो, "आखूड झालं." जॅकेट आखूड झालेलं नसतं, पँट खाली गेलेली असते. यावर एक नंबर मोठं घेणं हा उपाय नाही. मोठ्या नंबरात लांबी जेमतेम अर्धा इंच वाढते आणि छाती दोन इंच सैल होते. सांगितलंत तर आम्ही तुमच्याच नंबरात लांबी एक इंचापर्यंत वाढवून देतो. त्याहून जास्त मागू नये, ही विनंती. खिसे वर राहिल्यासारखे दिसतात आणि जॅकेटचा सगळा तोल जातो.

आमच्या ४० नंबरच्या ए-२ ची मापं अशी: छाती काखेपासून काखेपर्यंत २२ इंच (म्हणजे पूर्ण घेर ४४), खांदा १८, बाही साडेचोवीस, पाठ कॉलरच्या खालून पट्टीच्या टोकापर्यंत २५. जपानी संकेतस्थळांवर हीच छाती ५६ सेंटीमीटर दिसेल.

मुंढ्याची गोष्ट

हा भाग घाई न करता वाचावा. जॅकेट अंगाला बसतं की नुसतं अंगावर लटकतं, हे छातीपेक्षा मुंढ्यावर, म्हणजे बाही अंगाला जोडली जाते त्या काखेभोवतीच्या घेरावर ठरतं.

मुंढा खाली उतरलेला असेल तर घालताना फार सोयीचं वाटतं, हात पटकन आत जातो. पण हात वर करून पाहा. बाही आणि अंगाचा भाग खाली, बरगडीपाशी जोडलेले आहेत, त्यामुळे हात एकटा उचलला जात नाही, सगळं जॅकेट सोबत उचललं जातं. कमरेची पट्टी पोटावर येते, कॉलर कानाला लागते. मुंढा काखेच्या अगदी जवळ असेल तर घालताना क्षणभर आवळ वाटतं, पण हात वर गेला तरी जॅकेट जागचं हलत नाही. जुन्या ए-२ चे मुंढे असे वर असत, आणि आम्हीही तसेच ठेवतो.

महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे आले होते. त्यांना हाच मुंढा काचेल असं वाटत होतं, म्हणून "अर्धा इंच खाली घ्या" म्हणाले. आम्ही त्यांना दोन्ही प्रकारची तयार जॅकेटं घालायला दिली आणि वरच्या फळीवरचा डबा काढायला सांगितलं. त्यांनी दोन्हीत डबा काढला, आणि वर मुंढा असलेलंच घेऊन गेले. तुम्हीही आमच्याकडे याल तेव्हा आरशासमोर नुसते उभे राहू नका. हात वर करा, पुढे ताणा, खुर्चीवर बसा, बुटाची नाडी बांधून पाहा.

मुंढा वर असला की आत जाड स्वेटर मावत नाही, हे खरं आहे. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर मात्र सहज मावतो, कारण बाहीत जाडी येत नाही. ग्वाल्हेरच्या थंडीला चामडं, अस्तर आणि अर्धा स्वेटर पुरेसा होतो. दुपारी ऊन पडलं की तोही काढावासा वाटतो.

स्कूटर चालवणाऱ्यांसाठी जी-१

रोज मुरारहून किंवा थाटीपूरहून दुचाकीवर ये-जा असेल तर आमचा सल्ला जी-१ चा. हे अमेरिकी नौदलाचं जॅकेट. त्याचं आधीचं रूप एम-४२२ए, १९४० च्या सुमाराचं, आणि जी-१ हे नाव युद्धानंतर आलं. कॉलर लोकरीची, खिशांना बटणं, आणि चामडं सहसा बकऱ्याचं.

मापाच्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर त्याच्या पाठीला दोन्ही खांद्यांमागे खोल चुण्या असतात. हँडल धरायला हात पुढे गेले की त्या उघडतात आणि मागे घेतले की मिटतात. ए-२ ची पाठ एकाच अखंड तुकड्याची, तिला अशी सोय नाही. हात पुढे केले की बाही मनगटावरून मागे सरकते आणि थंडी नेमकी तिथून शिरते. त्यामुळे जी-१ अंगाबरोबर घेतलं तरी चालतं. मापताना चुण्या मिटलेल्या ठेवा. नाहीतर पाठ दोन-तीन इंच जास्त भरेल आणि तुम्ही उगाच लहान नंबर मागाल.

लोकरी जॅकेटाचं माप बाहेरून घेऊ नका

अमेरिकी बी-३ किंवा ब्रिटिश हवाईदलाचं अर्विन, ही मेंढीच्या लोकरीसकट कातड्याची जॅकेटं. ती उघड्या किंवा गरम न होणाऱ्या विमानांत, पंचवीस हजार फुटांवर, शून्याखाली तीस-चाळीस अंशांत घालायची होती. तिथे आत गणवेश आणि स्वेटर दोन्ही असत, म्हणून कट मुळातच ढगळ. शिवाय आतली लोकर जागा खाते. बाहेरून काखेपासून काखेपर्यंत २४ इंच भरणारं जॅकेट आतून २२ पेक्षाही कमी असू शकतं. ही जॅकेटं आम्ही शिवतो, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ग्वाल्हेरात वर्षातले पंधराएक दिवसच ती घालता येतील. स्पिती किंवा लडाखला जायचं असेल तर जरूर घ्या.

चामडं आणि माप

जुनी ए-२ बहुतेक घोड्याच्या कातड्याची होती. घट्ट, फारसं न ताणणारं, घडीवर चमकणारं कातडं. आज ते जपानमधल्या हिमेजीत आणि इटलीत चांगलं कमावलं जातं, आणि आम्ही फक्त खास ऑर्डरवर मागवतो. एरवी बकऱ्याचं, साधारण एक मिलिमीटर जाडीचं, किंवा म्हशीचं, थोडं जाड. गाईचं चामडं आम्ही वापरत नाही. हा प्रश्न अनेक घरांतून येतो, म्हणून आधीच लिहिलं.

बकऱ्याचं चामडं महिन्याभरात कोपराशी आणि पाठीवर सैलावतं, म्हणून सुरुवातीला ते किंचित आवळच असावं. घोड्याचं आणि म्हशीचं उशिरा सैलावतं आणि कमी. तिन्हींत एक गोष्ट मात्र सारखी: कोपराशी चुण्या बसल्या की बाही अर्धा इंच वर चढते. म्हणून नव्या जॅकेटची बाही मनगटाच्या हाडापुढे, अंगठ्याच्या मुळाशी आली तर "लांब झाली" म्हणून कापायला सांगू नका. लवकर सैल व्हावं म्हणून भिजवूही नका. उन्हात वाळताना चामडं आक्रसतं आणि कडक होतं, मग त्याला कोणीच वाचवू शकत नाही.

पोटाचा घेर छातीपेक्षा जास्त असेल तर तसं मोकळेपणाने सांगा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. खांदा तुमच्याच छातीचा ठेवून पुढचे पल्ले थोडे रुंद करता येतात आणि विणीची पट्टी मोठी लावता येते. महिलांसाठीही आम्ही पुरुषी नंबर लहान करून देत नाही. खांदा अरुंद आणि छाती वेगळी कापावी लागते. १९४३-४४ मध्ये अमेरिकेच्या महिला वैमानिकांना पुरुषी मापाचे ढगळ ओव्हरऑल गुंडाळून उडावं लागलं होतं. ती वेळ आमच्या ग्राहक ताईंवर येऊ नये.

आधी मांजरपाट, मग चामडं

कापडाची शिवण उसवून पुन्हा घालता येते. चामड्यात सुईचं छिद्र एकदा पडलं की कायमचं. शिवण मोकळी केली तर छिद्रांची रांग तशीच दिसत राहते आणि तिथून चामडं फाटायला लागतं. म्हणून तयार झालेलं जॅकेट मोठं करता येत नाही, आणि लहान करणंही फार मर्यादित. याच कारणाने मापाच्या प्रत्येक ऑर्डरसाठी आम्ही आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवतो. तो घालून पाहायला तुम्हाला एकदा यावंच लागतं. बाहेरगावच्या ग्राहकांना कच्चा पोस्टाने पाठवतो. तो घालून पुढून, मागून, बाजूने आणि हात वर करून असे चार फोटो पाठवावेत आणि कच्चा परत करावा. याचे वेगळे पैसे घेत नाही. यात आठवडाभर जास्त जातो. हिवाळ्यातला ग्वाल्हेरचा व्यापार मेळा सुरू झाल्यावर ऑर्डर दिली तर जॅकेट थंडी सरल्यावर हातात पडतं, तेव्हा ऑक्टोबरातच या.

येताना अंगात तोच शर्ट असू द्या जो जॅकेटखाली घालणार आहात, तीच पँट आणि तोच स्वेटर. घरी एखादं नीट बसणारं जॅकेट असेल, रेक्झिनचं असलं तरी चालेल, तेही आणा. घरून मापं पाठवायची असतील तर छाती काखेखालून, टेप जमिनीला समांतर धरून, श्वास सोडून मोजा. दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्या, स्वतः मोजताना हात उचलला जातो आणि छाती इंचभर चुकते. शिंप्याचा टेप घरात नसेल तर न ताणणारी सुतळी अंगाभोवती धरून खूण करा आणि ती पट्टीवर मोजा. स्टीलचा टेप वापरू नका, तो अंगाबरोबर वळत नाही.