जन्मदाखल्यावरचे ‘यांपैकी काहीही नाही’

अमेरिकेत जन्मदाखल्याचा वैद्यकीय भाग आईवडिलांना मिळणाऱ्या प्रतीवर नसतो. जन्मजात व्यंगाची नोंद होते ती याच भागात, त्यामुळे ती चुकली तरी घरच्यांना पत्ता लागत नाही.

गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळे व्यंगासह जन्मली, त्या धक्क्यानंतर, १९६७ पासून अटलांटा परिसरात रुग्णालयांचे कागद चाळून अशा बाळांची वेगळी नोंदवही ठेवली जाऊ लागली. दाखल्यावर मात्र व्यंगासाठी एक मोकळी ओळ असे, आणि ती बहुधा कोरीच राही. १९८९ मध्ये ओळीच्या जागी चौकटी आल्या. खूण करणे सोपे झाले की नोंदी वाढतील, ही अपेक्षा. पुढे १९८९-९० चे दाखले अटलांटाच्या नोंदवहीशी ताडून पाहिले, तेव्हा त्यातली जेमतेम १४ टक्के व्यंगे दाखल्यांवर सापडली. जन्मताच ओळखू येणारी तेवढीच धरली, तरी २८ टक्के.

दाखल्याच्या नमुन्यातल्या २००३ च्या सुधारणेने व्यंगांची यादी १२ वर आणली. वाकडे पाऊल आणि जास्तीची बोटे गेली. ‘हृदयाचे दोष’ या मोघम चौकटीऐवजी बाळ निळे पडणारे हृदयदोष तेवढे राहिले. हृदयाच्या पडद्याला नुसते छिद्र असलेले बाळ यात बसत नाही. उलट, आतडी पोटाबाहेर येण्याचे दोन प्रकार पूर्वी एकाच चौकटीत होते, ते वेगळे झाले: एकात आतडी नाळेच्या मुळाशी पातळ पिशवीत असतात, दुसऱ्यात नाळेच्या बाजूच्या भोकातून उघडी. कारणे वेगळी, म्हणून हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

कात्री लावण्यामागचा विचार, पहिल्या २४ तासांत कळेल तेवढेच विचारावे, हाही योग्यच होता. घात केला तो यादीच्या तळाच्या ‘यांपैकी काहीही नाही’ या चौकटीने. तिचा अर्थ एवढाच, की या १२ पैकी काही दिसले नाही. आकडे वाचणारे मात्र ‘बाळ निर्व्यंग’ असे वाचतात. हृदयाला छिद्र असलेल्या बाळाच्या कागदावरही याच चौकटीत खूण असू शकते, आणि भरणाऱ्याने नियम तंतोतंत पाळलेला असतो!

डाऊन सिंड्रोमसाठी ‘गुणसूत्र तपासणी बाकी’ अशी सोय ठेवली आहे. पण अहवाल येईपर्यंत बाळ घरी गेलेले असते आणि दाखलाही पुढे पाठवलेला असतो. मग ‘बाकी’ खोडून ‘निश्चित’ करायला त्या कागदाकडे परत कोण वळणार?

त्यात नवा नमुना सगळ्या राज्यांनी स्वीकारायला २०१६ उजाडले. तोवर देशाच्या एकाच वर्षाच्या आकड्यांत दोन वेगळ्या याद्या मिसळलेल्या होत्या.